लक्झरी डिझेल एसयूव्ही कुहीत परवडते का? डीपीएफ, रनफ्लॅट टायर आणि खरा हिशोब

(ऑफलाइन वाचणाऱ्यांसाठी या एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवलेत.)

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारला. "भाऊ, ॲपवर सेकंड हँड बीएमडब्ल्यू एक्स-वन दिसून राहिली, ऑडी क्यू-थ्री दिसून राहिली, किंमत नव्या साध्या एसयूव्हीएवढी. घ्यावी का?" विचारणारे बहुतेक पंचवीस ते तीसच्या मधले. कोणी मिहानमध्ये नोकरीला, कोणाचं मांढळला दुकान, कोणाची घरची शेती. लोन मिळतंय, ईएमआय बसतोय. मग अडचण काय?

अडचण अशी की जुनी झाल्यावर गाडीची किंमत कमी होते, तिच्या पार्टची होत नाही. २५-३० लाखांची गाडी बारा लाखांत मिळाली तरी तिचा इंजेक्टर, टायर आणि गिअरबॉक्स ३० लाखांच्या गाडीचाच असतो. आजचा एपिसोड या एका वाक्यावर आहे. गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. गाडी आतून कशी चालते ते समजून घ्या, मग निर्णय तुमचा.

या गाड्या आल्या कुठून?

थोडा इतिहास, पटकन. एक्स-वन भारतात २०१० च्या डिसेंबरात आली. ऑडीची क्यू-थ्री २०१२ मध्ये आणि मर्सिडीजची जीएलए २०१४ मध्ये. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. सरकारचं डिझेलच्या दरावरचं नियंत्रण २०१४ च्या ऑक्टोबरात उठलं आणि तो फरक कमी होत गेला. यातल्या दोन गाड्यांचं महाराष्ट्राशी नातं आहे: क्यू-थ्रीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात व्हायची आणि जीएलएची पुण्याजवळ चाकणला होते.

मग आलं १ एप्रिल २०२०, म्हणजे बीएस-६. ऑडीने तेव्हा भारतात डिझेल बंदच केलं. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजने चालू ठेवलं. म्हणून जुन्या बाजारात तुम्हाला दोन जातीच्या गाड्या दिसतील, बीएस-४ च्या आणि बीएस-६ च्या. हा फरक फक्त कागदावरचा नाही, तो सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला आहे.

डीपीएफ: सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी. बीएस-६ डिझेल कारमध्ये ती असतेच. बीएस-४ लक्झरी गाडी असेल तर चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, अंदाज करू नका.

जाळी म्हटलं की ती भरणार, आणि भरली की रिकामी करावी लागणार. गाडी हे काम स्वतःच करते. जाळीच्या आधी आणि नंतर धुराचा दाब किती आहे ते सेन्सर मोजतो. फरक वाढला की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता बऱ्या वेगात चालायला पाहिजे.

आता कुहीचा विचार करा. कुहीहून नागपूर साधारण चाळीस किलोमीटर. रोज ये-जा करणाऱ्याची गाडी या रस्त्यावर मस्त तापते, रिजनरेशन पूर्ण होतं. खरं सांगायचं तर या बाबतीत कुहीचा माणूस धरमपेठेतल्या माणसापेक्षा नशीबवान आहे! पण तीच गाडी फक्त घर ते दुकान, दुकान ते बँक, बँक ते शाळा अशी दोन-दोन किलोमीटर फिरत असेल तर इंजिन नीट तापतच नाही. रिजनरेशन सुरू होतं, तुम्ही चावी बंद करता. परत सुरू, परत बंद.

इथे खरी गोम आहे. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनरेशनमध्ये ते जास्तीचं डिझेल पूर्ण जळत नाही. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होतं. लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते! कोडिंग करणाऱ्यांना सांगतो, हे मेमरी लीकसारखं आहे. ॲप चालू दिसतं, आतून मात्र हळूहळू वाट लागत असते. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग झिजतात, आणि ते बिल डीपीएफपेक्षाही मोठं असतं.

रिजनरेशन चालू आहे हे कसं ओळखायचं? उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असतात, ॲव्हरेज अचानक पडतं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो. असं दिसलं तर शक्य असेल तेव्हा गाडी बंद न करता रस्त्यावर काढा आणि वीस मिनिटं चालवा. आपल्याकडे त्यासाठी आंभोऱ्याचा रस्ता आहेच. वैनगंगेवरचा नवा पूल बघायचा बहाणाही होतो. पण अशा वेळी वाळलेल्या गवतावर किंवा तणसाच्या ढिगाजवळ गाडी उभी करू नका. खालचा सायलेन्सर प्रचंड तापलेला असतो.

अजून एक गोष्ट. काजळी जळते, राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून. म्हणून या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑइलच लागतं: बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०४, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीसाठी ५०७ ००. डब्यावर फक्त "फुल्ली सिंथेटिक" लिहिलंय म्हणून चालत नाही, हा नंबर शोधा. चुकीच्या ऑइलने गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडणार नाही, पण जाळी राखेने वेळेआधी भरेल, आणि नवीन डीपीएफ म्हणजे लाखाच्या वरचा विषय.

कोणी म्हणेल, "जाळी काढून टाकू, सॉफ्टवेअर मारू, टेन्शन खतम." असं करणं बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि आपल्या मागे टू-व्हीलरवर बसलेल्या पोराच्या नाकात ती काजळी जाते. जुनी गाडी बघायला गेलात तर सायलेन्सरच्या तोंडात टिश्यू फिरवून बघा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीचं तोंड बऱ्यापैकी स्वच्छ असतं. हात काळा झाला तर जाळी काढलेली किंवा फुटलेली असण्याची शक्यता धरा.

डिझेल पंपावरचंच, ड्रममधलं नाही

शेतीवाल्या घरात ट्रॅक्टरसाठी डिझेलची कॅन किंवा ड्रम असतो. "गाडीतलं संपलं, ड्रममधलं टाकतो" हे ट्रॅक्टरला चालून जातं. या गाड्यांना चालत नाही. कॉमन रेल इंजिनमध्ये डिझेलचा दाब २००० बारच्या आसपास जातो आणि इंजेक्टरची छिद्रं केसाइतकी बारीक असतात. ड्रमच्या तळाशी साचलेलं पाणी आणि गंज तिथे पोचला की इंजेक्टर आणि पंप दोन्ही जातात. गर्दीच्या पंपावर भरा आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदला.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांत ॲडब्लू हे आणखी एक द्रव लागतं. ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं. शुद्ध हा शब्द महत्त्वाचा. घरचा युरिया पाण्यात कालवून हे होत नाही, हसू नका, विचारणारे आहेत! आणि हे द्रावण उष्णतेत खराब होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कॅन टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. लागेल तेवढंच आणा.

टायर: इथे खिसा सर्वांत आधी फाटतो

बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. पंक्चर झालं तरी साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. म्हणजे कुहीहून नागपूर गाठता येतं, सोय चांगली आहे. पण त्या टायरची बाजू कडक असते. खड्ड्यात आदळला की फुगा येतो, आणि फुगा आला की टायर बदलायचाच. उमरेड रोडला कोळसा आणि गिट्टीच्या ट्रकांनी रस्ता कुठे कसा केलाय ते तुम्हाला माहीत आहे. गावातल्या पंक्चरवाल्या भाऊला पान्याने हा टायर रिमवरून काढायला लावू नका, रिम वाकते. मशीन असलेल्या दुकानातच जा.

समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हे तीनदा ऐका. कारची मर्यादा १२० ची आहे, रस्ता सरळ आणि सिमेंटचा आहे, आणि विदर्भाचं ऊन. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३२२२, म्हणजे २०२२ सालचा ३२ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी मी समृद्धीवर नेत नाही.

"लाइफटाइम" ऑइल आणि इतर गोड शब्द

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे असं बऱ्याचदा सांगतात. कोणाचं लाइफ, ते विचारा. बीएमडब्ल्यूला आठ गिअरचे बॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदला. डिझेल क्यू-थ्रीच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच बॉक्सला तर ६० हजारांच्या आसपासच ऑइल लागतं. तुम्ही बघताय ती गाडी ७० हजार चाललेली असेल तर हे बिल आधीच्या मालकाने भरलंय की तुमच्यासाठी ठेवलंय, ते कागदावर बघा.

पहिल्या पिढीची डिझेल एक्स-वन घेत असाल तर तिच्या एन-४७ इंजिनची टायमिंग चेन हा जगभर गाजलेला विषय आहे. ही चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे चेनपर्यंत पोचायलाच मोठी खोलखाल करावी लागते. गाडी रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा सुरू करा आणि मागच्या बाजूने घासल्यासारखा, खुळखुळल्यासारखा आवाज येतो का ऐका. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आणि उंदीर! हसू नका. धान, सोयाबीन, मिरचीची पोती ज्या आवारात, तिथेच गाडी. बॉनेटखाली ऊब आणि वायरचं आवरण. एक वायर कुरतडली की डॅशबोर्डवर पाच लाइट पेटतात. गाडी पोत्यांपासून लांब लावा आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

हिशोब मांडू

डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरू. डिझेल गाडी लिटरला १५, तशीच पेट्रोल गाडी ११ देते असं धरू.

वर्षाला १५ हजार किलोमीटर: डिझेलचे ९० हजार रुपये, पेट्रोलचे साधारण १ लाख ४२ हजार. वाचले ५२ हजार.

वर्षाला ६ हजार किलोमीटर: डिझेलचे ३६ हजार, पेट्रोलचे साधारण ५७ हजार. वाचले २१ हजार.

दुसऱ्या ओळीतला माणूसच छोट्या फेऱ्या मारतो. म्हणजे त्याची बचत कमी आणि डीपीएफचा धोका जास्त. त्याने डिझेल घेऊच नये, हे मी स्पष्ट सांगतो. पहिल्या ओळीतल्याने घ्यावी, पण वाचलेले ५२ हजार खर्च न करता वेगळ्या खात्यात ठेवावेत. तोच तुमचा टायर, गिअरबॉक्स ऑइल आणि इंजेक्टरचा फंड. ईएमआय भरून हा फंड बाजूला पडत नसेल तर गाडी तुम्हाला परवडत नाही, बँक काहीही म्हणो.

घेण्याआधी पाच कामं

१. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री काढा. मधली दोन वर्षं गायब असतील तर किंमत पाडा किंवा सोडा.

२. कंपनीच्या गाडीला चालणाऱ्या स्कॅनरने तपासणी करा. चांगल्या मेकॅनिककडे बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडीसाठी व्हीसीडीएस असतं. डीपीएफमधली राख आणि शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं ते बऱ्याच गाड्यांत दिसतं. नुकतेच सगळे एरर पुसलेले दिसले तर सावध व्हा.

३. दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर कारण समजून घ्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे आलेल्या बंदीमुळे त्या बाहेर विकल्या गेल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-४० ची नवी नोंदणी, हे सगळं किमतीत मिळवा, मग स्वस्त आहे का बघा.

४. विमा घेताना झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घ्या. २०२३ च्या २३ सप्टेंबरला अंबाझरीचं पाणी नागपुरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधा विमा हा खर्च देईलच असं नाही. पाणी लागलं की स्टार्ट बटणाला हात नाही, थेट टोइंग.

५. घरच्यांना खरा आकडा सांगा. गाडीची किंमत सगळे सांगतात. वर्षाचा खर्च सांगा.

गावात लक्झरी गाडी आली की चार लोक बघतात, फोटो काढतात, बाबांची कॉलर ताठ होते. यात वाईट काही नाही राजेहो. पण दोन वर्षांनी तीच गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आणि ईएमआय चालू, हेही आपण आजूबाजूला पाहतो. ती गाडी वाईट नव्हती, हिशोब अर्धा होता.

कोणती गाडी बघताय, वर्षाला किती किलोमीटर होतात, छोट्या फेऱ्या किती, एवढं व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. तोपर्यंत हवा तपासा, सीटबेल्ट लावा. भेटू!