गाडीतल्या हवेची जाळी शेवटची कधी बदलली?

ट्रॅक्टरच्या एअर क्लिनरमधलं ऑईल काळं पडलं की ते बदलायचं, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. इंजिनाने धूळ खाल्ली तर हजारोंचा खर्च अंगावर येतो, हे आपण पक्कं ओळखून आहोत. पण दारात उभ्या असलेल्या जुन्या कारमध्ये बसल्यावर आपण स्वतः कोणती हवा खातो, याचा विचार कधी केलाय का?

मी तरी केला नव्हता. चार वर्षांपूर्वी मी एक जुनी, छोटी कार घेतली. इंजिन, टायर, बॅटरी, कागदपत्रं सगळं तपासून घेतलं. ऐन सोयाबीनच्या मळणीत आईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिला दम्याचा त्रास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळणीयंत्रं चालू, भुसकट उडतंय, म्हणून काचा लावल्या आणि एसी सुरू केला. दहा मिनिटांत आईची ढास वाढली. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुझी ती थंडी बंद कर अन् काच उघड."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने डॅशबोर्डचा कप्पा काढून आतली जाळी बाहेर ओढली. जाळी कसली, खळ्यावरची चाळणच ती! धूळ, कडुलिंबाची पानं, सोयाबीनचं भुसकट, आणि एका कोपऱ्यात उंदराने कुरतडून केलेलं घरटं. त्यातून येणारा वारा मी आईच्या तोंडावर सोडला होता. तेव्हापासून ही जाळी मी स्वतःच्या हाताने बदलतो. काम पंधरा मिनिटांचं आहे, फार अवघड नाही.

ही जाळी असते कुठे?

आधी एक गोंधळ दूर करू. बॉनेट उघडल्यावर काळ्या डब्यात दिसतो तो इंजिनाचा एअर फिल्टर. आपण बोलतोय ते केबिन फिल्टरबद्दल, म्हणजे बसणाऱ्यांच्या हवेच्या जाळीबद्दल. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'एअर फिल्टर बदलला' असं लिहिलेलं असलं तरी बहुधा तो इंजिनाचाच असतो. म्हणून विचारून घ्या.

समोरच्या काचेच्या खाली, वायपरजवळ, प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. पुढे ती केबिन फिल्टरमधून आणि ब्लोअरच्या पंख्यातून एसीच्या थंड कॉईलवर जाते, आणि मग आपल्या तोंडावर येते. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. काहींत तो बॉनेटखाली काचेच्या पायथ्याशी, तर काहींत पायाजवळच्या पॅनेलमागे सापडतो.

काही जुन्या, कमी किमतीच्या मॉडेलमध्ये कंपनीने फिल्टर बसवलेलाच नसतो. जागा तेवढी सोडलेली असते आणि तिच्यावर बंद झाकण असतं. ते कापून फिल्टर बसवता येतो, पण हे काम पहिल्यांदा जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. कोणी म्हणेल, स्पंजचा तुकडा नाहीतर जुन्या ओढणीची घडी कोंबा. तसलं काही करू नका. ते सुटून पंख्यात अडकलं तर ब्लोअर जळतो.

तुंबल्याची लक्षणं

ब्लोअर चारवर ठेवूनही वारा दोनचा येतो. एसी चालू करताच कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास येतो. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते आणि लवकर जात नाही. पंख्याचा आवाज मोठा, वारा मात्र कमी. यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी आधी फिल्टर बघा. गॅस भरून घ्यायला नंतरही जाता येईल. वारा कमी म्हणजे गॅस संपला, असं समजून लोक नाहक पैसे घालवतात.

साधारणपणे दहा ते पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा फिल्टर बदलावा. पण हा हिशोब डांबरी रस्त्याचा झाला. आपल्या पांदणीच्या फुफाट्यात अन् मळणीच्या दिवसांत फिल्टर त्याच्या निम्म्या मुदतीतच भरतो. त्यामुळे मळणी उरकल्यावर एकदा काढून बघाच.

बदलायचा कसा?

दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगूनच फिल्टर घ्या. आकारात बोटभर फरक पडला तरी कडेने फट राहते आणि धूळ तिथूनच आत जाते.

१) इंजिन बंद करून चावी काढा. कप्पा रिकामा करा. तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा.

२) कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की बहुतेक गाड्यांत तो खाली झुकतो. बाजूला दोरी किंवा दांडी असेल तर ती अलगद सोडवा. काही गाड्यांत स्क्रू असतात. जोर लावू नका, जुनं प्लॅस्टिक कडकन तुटतं.

३) मागे लांबट झाकण दिसेल. कडेच्या खिट्ट्या दाबून ते काढा.

४) फिल्टरवर बाणाची खूण असते. ती कोणत्या दिशेला आहे ते बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग खाली पिशवी धरून फिल्टर हळू ओढा. झटका दिलात तर सगळा कचरा पंख्यात पडेल.

५) रिकामी जागा ओल्या फडक्याने पुसा. बॅटरीच्या उजेडात आत पानं, काड्या दिसल्या तर वेचून काढा.

६) नवा फिल्टर बसवा. बाण हवेच्या वाहण्याच्या दिशेने हवा. आधीच्या मालकाने उलटा बसवलेला असू शकतो, म्हणून गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलं चित्र पडताळून घ्या.

७) झाकण आणि कप्पा बसवून ब्लोअर पूर्ण सोडा. खरखर आली तर पंख्यात काहीतरी अडकलंय असं समजा.

आता तुम्ही म्हणाल, जुनाच धुऊन वापरला तर? कागदी फिल्टर पाण्याने धुतला की त्याचे तंतू फुगतात, घड्या बसतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात हवा मारली तर डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. हलक्या हाताने झटकून महिनाभर काढता येईल, पण तेवढंच. धुता येतो असं कंपनीनेच लिहिलेला फिल्टर असेल तर गोष्ट वेगळी. फिल्टर काढून टाकून तसाच एसी चालवणं तर सर्वांत वाईट. मग धूळ थेट ओल्या कॉईलवर बसते आणि ती साफ करायला अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागू शकतो.

उंदीर आणि पानं

गाडी कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या खोलीत लावत असाल तर उंदीर येणारच. घरटं सापडलं तर ते कोरडं झाडू नका, हवाही मारू नका. हातमोजे घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, थोडं थांबा आणि मग उचला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो. झाडाखाली गाडी उभी करत असाल तर काचेखालची पानं रोज काढा. तिथलं पाणी जायचं भोक बुजलं की पावसाचं पाणी गाडीत उतरतं.

फिल्टर काय करू शकत नाही

हे नीट लक्षात ठेवा. साधा फिल्टर धूळ, परागकण, भुसकट अडवतो. काळसर कोळशाचा फिल्टर थोडाफार वासही शोषतो. पण औषधाची वाफ आणि सायलेन्सरचा विषारी वायू यांच्यापासून कारचा फिल्टर तुम्हाला वाचवू शकत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत बसू नका.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तरीसुद्धा कीटकनाशकाची बाटली मागच्या सीटवर, शेजारी पोरं आणि मांडीवर किराणा, हे चित्र मी बाजाराच्या दिवशी पाहतो. खाण्याच्या वस्तू किंवा जनावरांचा चारा औषधाच्या संपर्कात येईल अशी वाहतूक करू नये, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलं आहे. औषध वेगळ्या फेरीत, झाकण घट्ट करून, उघड्या वाहनातून आणा. फवारणीचे कपडे घालून गाडीत बसू नका. सीटला मुरलेलं औषध कोणताही फिल्टर काढत नाही.

मळणीच्या धुरळ्यातून जाताना काचा लावा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. धुरळा संपला की ते बंद करून बाहेरची हवा घ्या. आतली हवा फार वेळ फिरवत ठेवली तर ती जड होते, झापड येते आणि काचेवर वाफ धरते.

गावपातळीवरच्या कर्मचारी मित्रांनाही एक सांगणं. पंचनाम्याला, शिवारफेरीला तुम्ही दिवसभर याच धुळीत फिरता. तुमच्याही गाडीचा कप्पा एकदा उघडून बघा.

मला नवा फिल्टर दोनशे ऐंशी रुपयांना पडला. त्याने आईचा दमा बरा झाला, असं मी म्हणणार नाही. तिचा पंप आणि डॉक्टरांची औषधं चालूच आहेत. पण आता ती गाडीत बसल्यावर काच उघडायला सांगत नाही. मला तेवढं पुरे आहे.

शेवटी एक साधी सवय लावून घ्या. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवर पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी 'शेवटचा कधी बदलला?' असं कोणी विचारलं, तर उत्तर फिल्टरवरच सापडेल.