घनकचरा : अग्रक्रम कशाला?

कचरा वेशीबाहेर नेऊन टाकला की तो नाहीसा झाला, अशी आपली जुनी समजूत आहे. केळीची पाने, झावळ्या आणि चुलीतील राख परसातच जिरत होती, तोवर ती समजूत खपून गेली. प्लॅस्टिकच्या युगात मात्र ती घातक ठरते. मडगावच्या कचऱ्याचा सोनसडो येथील ढीग 2019 च्या मे महिन्यात पेटला, तेव्हा गोमंतकीयांना याचा प्रत्यय आला. अशा ढिगाच्या पोटात ओला कचरा हवेवाचून कुजतो. त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि झिरपणारे दूषित पाणी भूजलात मिसळते.

म्हणूनच शासकीय धोरणात कामांचा क्रम महत्त्वाचा मानला आहे. प्रथम, कचरा कमी निर्माण करणे. नंतर वस्तूंचा पुनर्वापर. त्यानंतर सुक्या कचऱ्यापासून नवा माल आणि ओल्या कचऱ्यापासून खत वा वायू. मग उरलेल्याचा इंधन म्हणून उपयोग. आणि अगदी शेवटी, ज्याचे काहीच होऊ शकत नाही तेवढेच जमिनीत पुरणे. ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन केंद्राच्या 2016 च्या नियमांनी घातले. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली.

बार्देश तालुक्यातील साळगावच्या पठारावर पूर्वी कचऱ्याचा ढीग होता. तेथे 2016 साली, प्रारंभी दररोज 100 टन क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. त्यात ओल्या कचऱ्यापासून वायू व त्यापासून वीज तयार होते. पुनर्वापरास अयोग्य असा सुका कचरा गठ्ठे बांधून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे इंधन म्हणून पाठविण्यात येऊ लागला.

तथापि, यंत्र कितीही चांगले असले तरी घरातील चूक त्याला पूर्णपणे निस्तरता येत नाही. आमटीने भिजलेला कागद ना नीट कागद राहतो, ना त्याबरोबरचा ओला कचरा शुद्ध राहतो. दहा घरांनी वेगळा ठेवलेला कचरा एका गाडीत एकत्र ओतला, तर त्या दहाही घरांचे श्रम वाया जातात आणि लोकांचा विश्वास उडतो, तो वेगळाच.

तेव्हा पंचायतींनी गाडीतही कप्पे वेगळे ठेवावेत. शिक्षकांनी शाळेच्या आवारात खताचा एक खड्डा मुलांकडूनच सांभाळवून घ्यावा. आणि गृहिणींनी नव्हे, तर घरातील प्रत्येकाने, हातातील वस्तू कोणत्या डब्यात पडते आहे याकडे लक्ष द्यावे. धोरणाचा पहिला अग्रक्रम अमलात येतो तो सचिवालयात नव्हे, आपल्या स्वयंपाकघरात.