गळती कोठे आणि दाब कोठे

आमचा आजचा विषय थोडा तेलकट आहे. टर्बो बसविलेल्या मोटारीच्या इंजिनातून ऑइल गळू लागले तर काय करावे? आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या तक्रारी ऐकता ऐकता झाले. हा धडाही तसाच मिळाला.

२०१९ च्या उन्हाळ्यात एका गॅरेजातील तरुण कारागीर युनियनच्या कचेरीत आला. एका डिझेल मोटारीच्या टर्बोतून ऑइल गळत होते, म्हणून मालकांच्या सांगण्यावरून त्याने नवा टर्बो बसविला. पंधरा दिवसांत तोही गळू लागला. बसविण्यात चूक झाली, नुकसान तुझ्या पगारातून कापणार, असे मालकांनी त्याला बजावले. भांडण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घ्यावी, हा आमचा जुना नियम. म्हणून एका वृद्ध मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही ती मोटार पाहावयास गेलो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि म्हणाले, "दादा, गळतंय तिथंच बघत बसू नका. दाब कुठनं येतोय ते बघा."

या वाक्याचा अर्थ कळण्यासाठी टर्बोची रचना समजली पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. टर्बोमध्ये तो एक चक्र फिरवितो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट मागितले. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. बहुतेक टर्बोंत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल बारीक नळीतून दाबाने येते, पण परत जाते ते रुंद नळीतून, केवळ स्वतःच्या वजनाने, खालच्या चेंबरमध्ये. दांड्याच्या टोकांशी साधे रबरी सील त्या उष्णतेत टिकणार नाही; म्हणून तेथे पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. आतला दाब वाढला की त्या ऑइल अडवू शकत नाहीत.

आता हा दाब येतो कोठून? इंधनाच्या प्रत्येक स्फोटाबरोबर थोडा वायू पिस्टनच्या कडेने चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदरची वाट ठेवलेली असते. ती काजळीने बुजली की चेंबर फुगतो, टर्बोचे ऑइल खाली उतरेनासे होते आणि रिंगांतून वाट काढते. पेट्रोलच्या टर्बो गाड्यांत या वाटेवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकला तर टर्बोची दाबलेली हवा उलटी चेंबरमध्ये शिरते. परिणाम तोच. मग कधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळते, कधी क्रँकचे सील, कधी डिपस्टिकच वर उचलली जाते.

मिस्त्रींनी इंजिन संथ चालू ठेवून ऑइलचे झाकण सैल करून नुसते वर ठेवले. थोडी वाफ येणे साहजिक असते. येथे झाकण थडथडा उडू लागले. ब्रीदरचा पाइप काढला, तर आत काळा चिखल घट्ट बसलेला. तो साफ केला, व्हॉल्व्ह बदलला आणि गळती थांबली. नवा टर्बो निर्दोष होता, तो बसविणाराही. मालकांनी पगारकपातीचा विषय सोडून दिला. मात्र ब्रीदर स्वच्छ करूनही झाकण उडत राहिले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. ते काम मोठे आणि खर्चाचे.

आपल्या मोटारीला गळती दिसली तर इंजिन थंड होऊ द्यावे, ते धुऊन कोरडे करावे आणि संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. मग आठदहा किलोमीटर चालवून पाहावे. ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत वरची ओली जागा, तेथे मूळ. टर्बोच्या ऑइल नळीच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर उघडल्यावर नवेच घालावेत. परतीच्या नळीच्या सांध्याला सिलिकॉन थापू नये. त्याचा तुकडा आत सुटला तर वाटच बंद होते. ऑइल वेळेवर बदलावे, आणि घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर संथ चालवून मग बंद करावे. नाहीतर तापलेल्या टर्बोतील ऑइल जळून नळीत कोळसा धरतो. ऑइल तप्त टर्बोवर ठिबकत असेल तर मात्र गाडी मुळीच चालवू नये. ते पेट घेऊ शकते.

त्या मोटारीत एक टर्बो फुकट बदलला गेला आणि एका माणसाचा पगार जाता जाता राहिला. दोष होता एका बुजलेल्या पाइपाचा. ऑइल सर्वांत कच्च्या सांध्यातून बाहेर पडते, आणि आपण त्या सांध्यालाच गुन्हेगार ठरवितो. कारखान्यांच्या दारांत तीस वर्षे काढल्यावर आम्हांला एवढे सांगता येईल की, ही चूक केवळ गॅरेजातच होते असे नाही.