मुकुटाआधीचे तीन आठवडे

31 मे 2025 च्या रात्री हैदराबादच्या हायटेक्स प्रदर्शन केंद्रात थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगस्रीच्या डोक्यावर मिस वर्ल्डचा निळ्या खड्यांचा मुकुट चढला. इथिओपियाची हासेत देरेजे दुसरी आली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मुकुटाचा फोटो आला, ओपलच्या उत्तराच्या दोन ओळी आल्या. मात्र या स्पर्धेचा मोठा भाग अंतिम सोहळ्यात घडतच नाही. तो आधीचे तीन आठवडे घडत असतो. मैदानात, तालमीच्या हॉलमध्ये, मुलाखतीच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर. आपल्याला दिसतो तो निकाल.

हैदराबादला 108 देशांच्या मुली आल्या होत्या. त्यांची विभागणी चार गटांत होती: अमेरिका खंड आणि कॅरिबियन, आफ्रिका, युरोप, आशिया आणि ओशिआनिया. प्रत्येक गटातून आधी दहा, मग पाच, मग दोन आणि शेवटी एक. म्हणून शेवटच्या चौघी मार्टिनिक, इथिओपिया, पोलंड आणि थायलंडच्या होत्या, चार गटांतली एकेक. या रचनेचा परिणाम सहज लक्षात येत नाही. भारताची नंदिनी गुप्ता पहिल्या वीसमध्ये होती. तिथून पुढे जायला तिला आशिया आणि ओशिआनियाच्या पाचांतून पहिल्या दोघींत यायचं होतं, आणि त्या दोन जागा फिलिपिन्स व थायलंडला गेल्या. युरोपच्या मुलीशी तिची गाठ पडायची वेळच आली नाही. पूर्वी एकाच खंडाच्या मुली शेवटच्या फेरीत गर्दी करू शकत. आता जगाच्या चारही भागांतून एक जण शेवटपर्यंत टिकतेच. मला ही रचना न्याय्य वाटते, पण तिची किंमत फिलिपिन्स, थायलंड, भारत यांच्यासारख्या जोरदार तयारी करणाऱ्या शेजाऱ्यांना मोजावी लागते.

पहिल्या चाळिसांत थेट पोचायचा दुसराही रस्ता आहे. खेळ, कलागुण, टॉप मॉडेल, समाजमाध्यमांवरचं काम, समोरासमोर बोलण्याची फेरी, आणि ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ म्हणजे स्पर्धकाने हाती घेतलेलं समाजकार्य. यातली एखादी उपस्पर्धा जिंकली की चाळिसांतली जागा पक्की. या पद्धतीची सुरुवात चीनमधल्या सान्या शहरात स्पर्धा भरू लागली त्या काळातली, म्हणजे 2003 च्या आसपासची. 2017 मध्ये समोरासमोर बोलण्याची फेरी आली. त्या वर्षी सान्याला 118 मुली होत्या. त्यांचे गट पाडले गेले आणि प्रत्येक गटातून एकीला पुढची वाट मिळाली. हरियाणात डॉक्टरकीचं शिक्षण घेणारी मानुषी छिल्लर आपला गट जिंकून पुढे गेली. मासिक पाळीच्या स्वच्छतेवर तिने उभं केलेलं ‘शक्ती’ नावाचं काम त्या वर्षीच्या समाजकार्य पुरस्काराचं एक मानकरी ठरलं. सर्वांत जास्त पगार कोणाला मिळायला हवा, या प्रश्नावरचं तिचं ‘आई’ हे उत्तर सगळ्यांना आठवतं. पण त्या उत्तराची संधी तिला आधीच्या आठवड्यांतल्या या कामामुळे मिळाली होती.

ही स्पर्धा अशी कशी झाली हे समजायला 1951 च्या लंडनमध्ये जावं लागतं. युद्धाने थकलेल्या ब्रिटनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरला होता. मेक्का ही नाचघरं चालवणारी कंपनी. तिथला एरिक मॉर्ली हा प्रसिद्धीची जाण असलेला माणूस. त्याने लायसियम नाचघरात बिकिनीतल्या मुलींची स्पर्धा घेतली. बिकिनी तेव्हा नवी होती आणि तिच्यावरून आरडाओरडा चालू होता. स्वीडनची किकी हॉकन्सन जिंकली. मुकुट घेतानाही ती बिकिनीतच होती. एकदाच करायचा हा कार्यक्रम दरवर्षीचा झाला. 1959 पासून बीबीसी तो दाखवू लागली आणि निकाल जाहीर करायची मॉर्लीची पद्धत ब्रिटनमध्ये घराघरांत पोचली. आधी तिसरी, मग दुसरी, मग पहिली. आज जगातल्या जवळपास प्रत्येक सौंदर्यस्पर्धेत विजेतीचं नाव असंच शेवटी येतं.

मिस वर्ल्डच्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मुंबईची आहे. 1966 मध्ये रीटा फारिया ही गोमंतकीय कुटुंबातली, मुंबईत वाढलेली मुलगी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकत होती. जे. जे. रुग्णालयातले वॉर्ड हा तिचा रोजचा दिनक्रम. आधी मिस बॉम्बे, मग ‘इव्ह्ज वीकली’ची मिस इंडिया, आणि लगेच लंडन. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात तिच्या हातात तीन पौंड होते. साडी उसनी, पोहण्याचा पोशाख आदल्या वर्षीच्या मिस इंडिया पर्सिस खंबाटाचा. तो पोशाख नीट बसेना, म्हणून त्या तीन पौंडांतूनच दुसरा घ्यावा लागला. तिच्यामागे प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, डिझायनर यांपैकी कोणीही उभं नव्हतं. नोव्हेंबर 1966 मध्ये ती जिंकली. मिस वर्ल्ड झालेली ती आशियातली पहिली स्त्री, आणि विजेतेपदाच्या वेळी वैद्यकीय विद्यार्थिनीही.

मुकुटासोबत वर्षभराचा करार आला. विनोदवीर बॉब होपच्या जथ्याबरोबर व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांसमोर हजेरी लावावी लागली आणि भारत सरकारला ते रुचलं नाही. जिंकणाऱ्या मुलीचं एक वर्ष कोणाच्या मालकीचं असतं, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा आपल्याकडे उभा राहिला. करार संपल्यावर रीटाने चित्रपट किंवा मॉडेलिंगचा मार्ग धरला नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात पुढे शिकून ती डॉक्टर झाली, अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ डेव्हिड पॉवेल यांच्याशी लग्न केलं आणि डब्लिनला स्थायिक झाली. मुकुटाला आयुष्यात नेमकी किती जागा द्यायची हे तिने स्वतः ठरवलं. मला तिच्या विजयाइतकाच हा निर्णय मोठा वाटतो.

रीटाच्या विजयानंतर चार वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1970 ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सूत्रसंचालन करणाऱ्या बॉब होपवर पिठाच्या पिशव्या पडल्या. खुळखुळे वाजवत, पत्रकं उधळत स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका प्रेक्षकांतून उठल्या आणि होप मंचावरून पळाला. गुरांच्या बाजारासारखी बायकांची पारख का करायची, हा त्यांचा सवाल होता. त्याच रात्री ग्रेनेडाची जेनिफर होस्टेन जिंकली. मिस वर्ल्ड होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी आलेली पर्ल जॅन्सन दक्षिण आफ्रिकेची होती. वर्णद्वेषी राजवटीच्या त्या देशाने गोरी आणि काळी अशा दोन स्पर्धक पाठवल्या होत्या, आणि पर्लच्या पट्ट्यावर ‘मिस आफ्रिका साउथ’ लिहिलेलं होतं. परीक्षकांत ग्रेनेडाचे सरकारप्रमुख एरिक गेरी होते, म्हणून निकालावरही शंका घेतली गेली. होस्टेन पुढे कॅनडात ग्रेनेडाची उच्चायुक्त झाली. पिठाची पिशवी फेकणारी बाई आणि मंचावरची होस्टेन, दोघींचं म्हणणं खरं होतं असं मला वाटतं. एकीला तो मंच अपमान वाटत होता. दुसरीच्या वाट्याला असा मंच तोपर्यंत कधी आलाच नव्हता.

भारतात हाच संघर्ष 1996 मध्ये बंगळुरूला झाला. अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल कंपनीने चिन्नास्वामी स्टेडियममध्ये अंतिम सोहळा भरवला. स्त्रीवादी संघटना, शेतकरी संघटना आणि संस्कृतिरक्षक, एरवी एकमेकांच्या समोर उभे राहणारे हे सगळे या वेळी एकाच बाजूला होते. मदुराईत एका तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. ग्रीसची आयरीन स्क्लिव्हा जिंकली आणि एबीसीएलला मोठा तोटा झाला. पण त्या विरोधाने मुली थांबल्या नाहीत. 1994 मध्ये सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्यापासून मुंबईत मिस इंडियाचं प्रशिक्षण कारखान्याच्या शिस्तीने चालू झालं होतं. साबिरा मर्चंट उच्चार आणि बोलणं घडवायच्या, डॉ. जमुना पै त्वचा बघायच्या, चालण्यापासून काटा-चमच्यापर्यंत सगळ्याचा सराव व्हायचा. 1997, 1999 आणि 2000 मध्ये डायना हेडन, युक्ता मुखी, प्रियांका चोप्रा मिस वर्ल्ड झाल्या, त्यामागे ही तयारी होती.

त्या तयारीची दुसरी बाजू निशा पाहुजा यांच्या 2012 च्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ या माहितीपटात दिसते. एका प्रसंगात मुलींचा चेहरा आणि धड पांढऱ्या कापडाने झाकून फक्त पाय तपासले जातात. माहितीपटात मिस इंडियाच्या शिबिरासोबत औरंगाबादचं दुर्गा वाहिनी या हिंदुत्ववादी महिला संघटनेचं शिबिरही उलगडत जातं, आणि दोन्हीकडे मुलींच्या शरीराला शिस्त लावणारी माणसं दिसतात. त्याच चित्रपटात पुण्यात वाढलेली पूजा चोप्रा आहे. मुलगी नको होती म्हणून वडिलांनी नाकारलेली आणि आईने एकटीने वाढवलेली पूजा 2009 मध्ये मिस वर्ल्डच्या ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ची विजेती ठरली. कापडाखाली उभं राहावं लागण्याचा त्रास आणि आईच्या कष्टाचं चीज झाल्याचा अभिमान, दोन्ही एकाच मंचावरचं. दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच या स्पर्धेवर एका वाक्यात निकाल देता येत नाही.

प्रश्नोत्तरांच्या फेरीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त थट्टा तिचीच होते. 1992 मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्स स्पर्धेत मराठी घरातली खेळाडू मधू सप्रे शेवटच्या टप्प्यात होती. देशाचं नेतृत्व मिळालं तर काय करशील, असा प्रश्न आला. तिने खेळाडूंसाठी सोयी, मोठं क्रीडासंकुल असं उत्तर दिलं. गरिबी, आरोग्य, शिक्षण यांतलं काहीतरी बोलायला हवं होतं, अशी टीका झाली. ती तिसरी आली, आणि त्या उत्तराने मुकुट गेला असं आजही म्हटलं जातं. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. मैदानात घाम गाळलेल्या मुलीने आपल्याला काय कमी पडलं ते सांगितलं. घोकलेलं उत्तर तिने दिलं असतं तर कदाचित जिंकली असती, आणि आज ते कोणाच्या लक्षातही नसतं. मिस वर्ल्डमध्ये स्पर्धकाला स्वतःच्या भाषेत बोलून दुभाष्याची मदत घेता येते. ही सोय योग्यच आहे.

दर विरोधानंतर या स्पर्धेने आपला अभ्यासक्रम बदलला. एरिक मॉर्लीची पत्नी ज्युलिया मॉर्ली यांनी 1972 मध्ये ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ सुरू केलं. एरिकच्या मृत्यूनंतर, 2000 पासून, संस्था त्यांच्याच हाती आहे. ज्या पोशाखातून ही स्पर्धा जन्मली, त्या पोशाखाची फेरीच त्यांनी 2014 नंतर बंद केली. 2024 मध्ये, बंगळुरूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, स्पर्धा मुंबईच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आली आणि जिंकलेली चेक प्रजासत्ताकाची क्रिस्टिना पिश्कोवा टांझानियातल्या मुलांच्या शाळेसाठी काम करणारी होती. समाजकार्याला आता खरंच वजन आहे. ओपलने स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचं काम केलं. सोळाव्या वर्षी तिच्या स्तनातली गाठ काढावी लागली होती, त्या अनुभवातून ते उभं राहिलं. असं काम एखादी मुलगी केवळ गुणांसाठी वर्षानुवर्षं करत नाही.

तरीही हैदराबादमध्ये दोन गोष्टींनी गालबोट लागलं. रामप्पा मंदिराच्या भेटीत स्थानिक बायकांना स्पर्धकांचे पाय धुवायला लावल्यावरून तेलंगणात संताप उसळला. आणि मिस इंग्लंड मिला मॅगी स्पर्धा अर्ध्यावर सोडून परतली. प्रायोजकांच्या जेवणावळींत आपल्याला पाहुण्यांची करमणूक करायला बसवलं, असं तिने सांगितलं. आयोजकांनी आरोप फेटाळले आणि शार्लट ग्रँट इंग्लंडच्या जागी आली. या आरोपांचं काय व्हायचं ते होवो, पण मुलींनी कोणासोबत जेवायला बसायचं आणि कोणासोबत नाही, हे स्पर्धेच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

आणखी एक नियम मला खटकतो. 1974 मध्ये वेल्सची हेलन मॉर्गन जिंकली आणि चार दिवसांत तिला मुकुट सोडावा लागला, कारण ती अविवाहित आई असल्याचं उघड झालं. 2018 मध्ये मिस युक्रेन झालेल्या व्हेरोनिका दिदुसेन्कोचा मुकुट ती आई असल्यामुळेच काढून घेण्यात आला आणि मिस वर्ल्डच्या या नियमाला तिने जाहीर आव्हान दिलं. मिस युनिव्हर्सने 2023 पासून विवाहित स्त्रिया आणि आयांना प्रवेश दिला, पुढच्या वर्षी वयाची वरची मर्यादाही काढली. मिस वर्ल्डच्या परीक्षेत ‘आई’ हे उत्तर देणारी मुलगी मुकुट जिंकू शकते, पण स्वतः आई असलेली मुलगी अर्जही भरू शकत नाही. ज्युलिया मॉर्ली यांनी 2014 नंतर पोहण्याच्या पोशाखाची फेरी काढली, तसा हा नियमही काढावा.