चीवर, लुगडे आणि समता

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक या व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवली. वर्षाच्या २४० कार्षापणे व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे मिळावीत, अशी व्यवस्था होती.

चीवर तुकडे जोडून शिवतात. विनयपिटकानुसार मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे त्याची रचना आनंदाने केली. संघात येणारा कोणत्याही कुळातला असो, वस्त्र एकच. भिक्खूंना तीन चीवरे, भिक्खुणींना मात्र पाच. छाती झाकणारे संकच्चिक आणि स्नानाची उदकसाटिका ही दोन अधिक. अचिरवती नदीवर विवस्त्र स्नान करणाऱ्या भिक्खुणींची गणिकांनी थट्टा केली, म्हणून विशाखेने तथागतांकडे त्यांना स्नानवस्त्र देण्याची अनुज्ञा मागितली. येथे मर्यादेचा प्रश्न स्त्रीनेच स्त्रियांच्या सन्मानासाठी मांडला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जातिव्यवस्थेने मात्र वस्त्र ही अपमानाची खूण केली. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतिदहनानंतर महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना पूज्य बाबासाहेबांनी जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि चांदी-कथलाचे दागिने टाकून देण्यास सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे, हा त्यांचा आग्रह होता. त्रावणकोरातील नाडार स्त्रियांना तर छाती झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. १८५९ मध्ये त्यांना तशी परवानगी मिळाली, तीही सवर्ण स्त्रियांच्या पद्धतीने वस्त्र न नेसण्याच्या अटीवर.

अंग झाकणे हीच तेथे मुक्ती होती. उलट इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर डोके झाकण्याची सक्ती झाली आणि २०२२ मध्ये तेथील स्त्रियांनी शिरोवस्त्र उतरवून तिचा निषेध केला. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी केली. तेव्हा शिरोवस्त्र घालू इच्छिणाऱ्या मुलींची निवड हिरावली गेली. वस्त्र स्वतः बंधनही नाही आणि मुक्तीही नाही. ते कोणी ठरविले, कोणासाठी ठरविले आणि नाकारण्याची मोकळीक आहे की नाही, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर स्त्री-पुरुष दोघेही शुभ्र वस्त्रांत आले होते. म्हणून विहारात उपासिकेच्या पांढऱ्या साडीची चौकशी होत असेल आणि उपासकाच्या सदऱ्याकडे कोणी पाहत नसेल, तर तो नियम धम्माचा नव्हे. शील आचरणात असते, आणि त्याची जबाबदारी दोघांवर सारखीच आहे.