निरोगी माणसाचा झिरो एरर

फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये व्हर्नियर हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "झिरो एरर किती?" हाच प्रश्न रक्ताच्या एका तपासणीतही विचारावा लागतो. फरक एवढाच, की तिथे चुकलं तर मार्क जात नाहीत, एखाद्या कामगाराची झोप उडते.

वेल्डिंगच्या जॉइंटमध्ये आतून तडा आहे का, हे बघायला इरिडियम-१९२ सारखा गॅमा सोर्स वापरतात. हे काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. समजा, बॅजचं रीडिंग अचानक खूप वाढलं. डोस खरंच त्या माणसाला मिळाला, की बॅज लावलेला कोट नुसताच सोर्सजवळ राहिला? याचं उत्तर त्याचं रक्त देऊ शकतं.

रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ४८ तास वाढवतात, विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवतात आणि मायक्रोस्कोपखाली त्यांची गुणसूत्रं बघतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. प्रत्येकाला सेंट्रोमिअर नावाची एक 'कंबर' असते. रेडिएशनने दोन गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली गेली, तर दोन कंबरा असलेलं गुणसूत्र तयार होतं. त्याला डायसेंट्रिक म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे! डायसेंट्रिक दिसलं म्हणजे डोस मिळाला. पण तसं नाही. कधीही सोर्सजवळ न गेलेल्या, ठणठणीत माणसाच्याही १००० पेशींत सरासरी एखादं डायसेंट्रिक सापडतं. जमिनीतून आणि आकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन सगळ्यांनाच मिळतं. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. शिवाय पेशीतल्या रोजच्या रासायनिक क्रियांमध्येही डीएनए तुटतो, आणि दुरुस्ती कधीकधी चुकते.

इथे आपलं एम-थ्रीचं पॉयसन डिस्ट्रिब्यूशन कामाला येतं. सरासरी १ धरली आणि १०० निरोगी लोकांच्या प्रत्येकी १००० पेशी मोजल्या, तर साधारण ३७ जणांत शून्य, ३७ जणांत एक आणि उरलेल्या २६ जणांत दोन किंवा जास्त डायसेंट्रिक मिळतील. म्हणजे नुसत्या 'दोन'वरून कुणालाही 'एक्सपोज्ड' ठरवता येत नाही. याउलट १ ग्रे गॅमा डोस एकदम मिळाला, तर हाच आकडा ८०-१०० च्या घरात जातो. तिथे शंकेला जागा नाही. मधल्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे ०.१ ग्रेच्या खाली, सिग्नल नॉइजमध्ये बुडतो.

दुसऱ्या प्रकारचे बदल, ट्रान्सलोकेशन्स, यांचं गणित आणखी वेगळं. यात तुकड्यांची नुसती अदलाबदल होते. डायसेंट्रिक असलेली पेशी विभाजनात बहुधा अडकते आणि नष्ट होते. ट्रान्सलोकेशन मात्र टिकतं, म्हणून वयाबरोबर साठत जातं. साठीच्या माणसाची तुलना विशीतल्या माणसाशी केली, तर निष्कर्ष चुकणारच. सिगारेटचाही परिणाम लक्षात घ्यावा लागतो. म्हणूनच प्रत्येक चांगली लॅब आपल्या भागातल्या निरोगी लोकांचा बेसलाइन स्वतः काढते.

केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक रेडिएशन जास्त आहे. तिथल्या हजारो नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तपासलं. शेजारच्या सामान्य भागातल्या बाळांशी तुलना केल्यावर गुणसूत्रांच्या बदलांत लक्षणीय वाढ दिसली नाही. तुलनेला शेजारची बाळं नसती, तर प्रत्येक सापडलेल्या बदलाचं खापर वाळूवरच फुटलं असतं, नाही का?

तेव्हा उद्या साइटवर एखाद्याच्या रिपोर्टमध्ये 'एक डायसेंट्रिक आढळले' असं वाचलंत, तर घाबरून जाऊ नका आणि त्यालाही घाबरवू नका. आधी विचारा: किती पेशींत? त्याचं वय काय? आणि त्या लॅबचा झिरो एरर किती?