वसंतातील पेरणीपूर्वी परसातील माती

माघ सरत आला, की माळव्यातील पहाटेचा कडाका ओसरू लागतो आणि गृहिणींना परसातील भेंडी, गवार, काकडी नि दोडक्याची आठवण होते. राखेचा बुधवारही याच सुमारास येतो. उपवासकाळात ज्या घरी मांसाहार वर्ज्य होतो, तेथे दारच्या भाजीचे मोल अधिकच जाणवते. बियाण्याच्या पुड्या आणल्या जातात, कुदळ बाहेर निघते, आणि पुष्कळदा येथेच घाई होते.

काळी माती मोठी मानी असते. ओली असता खणली, तर तिची ढेकळे उन्हात विटांसारखी कठीण होतात व कोवळ्या मुळांना त्यांत शिरकाव मिळत नाही. पार वाळली, तर तिला भेगा पडतात आणि कुदळ नुसती उसळते. या दोहोंमधील अवस्थेस आपले शेतकरी वापसा म्हणतात. वाफा भिजवून काही दिवस थांबावे. मग चार बोटे खालची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा व तो कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. फुटून मोकळा झाला तर वापसा आला. तसाच बसून राहिला तर आणखी थांबावे. वाळू घातल्याने चिकण माती हलकी होते असे कित्येकांना वाटते, पण चार टोपल्या वाळूने काही साधत नाही. ती हलकी होते कुजलेल्या पालापाचोळ्याने.

इंदूरकरांना तरी हे नवीन वाटू नये. आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत राहून, यशवंत वाड यांच्या साहाय्याने, खत कुजविण्याची जी रीत सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. उभयतांचा त्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व थोडी राख यांचे थर रचावयाचे, ढीग ओलसर ठेवावयाचा, आणि अधूनमधून तीन वेळा परतावयाचा. सुमारे ३ महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते. आणि त्याच शहरात आज पानगळीची पाने अंगणात जाळली जाताना दिसतात! धुराने मुलाबाळांच्या नि वृद्धांच्या छातीला त्रास होतो तो वेगळाच. पुढील वर्षाचे खत मात्र डोळ्यांदेखत नाहीसे होते.

यंदा ढीग तयार नसेल, तर जुने, वास न येणारे शेणखत मिळवावे. ताजे शेण वाफ्यात घालू नये. ते कुजताना तापते, मुळांना इजा होते, शिवाय हुमणीला आयतेच घर मिळते. १० फूट लांब व ३ फूट रुंद वाफ्यास दोन घमेली खत पुरे. ते वीतभर खोलीपर्यंत मिसळावे.

चुलीच्या राखेविषयी मात्र हात आखडता ठेवावा. गोमंतकातील जांभ्या खडकाची माती आम्लधर्मी असते, तिला राख मानवते. माळव्यातील काळी माती बहुधा मुळातच अल्कधर्मी, तिला अधिक राख सोसत नाही.

वाफा सारखा झाल्यावर एकदा पाणी द्यावे व पुन्हा वापसा येताच बी टोकावे. भेंडीचे बी आदल्या रात्री भिजत घालावे. रोपे वीतभर झाली, की त्यांच्या बुडाशी वाळलेल्या पानांचा थर पसरावा. चैत्राच्या उन्हात ओल टिकते आणि पाणीही कमी लागते.